टिनाचं छत, पश्चिमेचं शटर: नागपुरातल्या एका घरगुती गॅरेजचं प्रकरण

जागा आणि तक्रार

स्लॅबच्या घराला लागून मोकळी सोडलेली बाजू, तिच्यावर टिनाचं शेड आणि पुढे रोलिंग शटर. नागपुरात घरगुती गॅरेज बहुधा असंच तयार होतं. इथे अभ्यासाला घेतलेलं गॅरेज त्याच नमुन्याचं आहे. रुंदी १० फूट, लांबी १८ फूट. दक्षिणेला घराचीच भिंत. उत्तरेची आणि पूर्वेची भिंत नऊ इंची विटांची. रस्ता पश्चिमेला, म्हणून शटरही पश्चिमेला, ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच. वर अर्धा मिलिमीटर जाडीचे जस्ताचे नालीदार टिन, घराकडे १० फुटांवर आणि उत्तरेकडे साडेआठ फुटांवर. खाली कोबा. खिडकी नाही.

आत एक छोटी कार, एक इलेक्ट्रिक स्कूटर, इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी आणि मागच्या भिंतीला कामाचं टेबल. तक्रार ओळखीची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी आत उभं राहवत नाही, रात्री अकरालाही वरून झळ लागते, बॅटरीतलं पाणी भराभर उतरतं आणि स्कूटर दुपारी चार्जिंगला लावली की थांबून थांबून चार्ज होते. त्यावर दोन उपाय करून झालेले आहेत: पूर्वेच्या भिंतीत १२ इंची एक्झॉस्ट पंखा आणि एक लोखंडी डेझर्ट कूलर. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण त्यांचा क्रम चुकला आहे. छतावरचं ऊन तसंच ठेवून आत हवा खेळवायचा किंवा गार करायचा प्रयत्न झाला, आणि बहुतेक घरांत पैसे इथेच वाया जातात.

पुढचे तापमानाचे आणि वॅटचे आकडे हिशेबाने काढलेले आहेत. बाहेर ४३ अंश आणि भर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट ऊन, असं धरलं आहे. नागपूरच्या मे महिन्याला हे फार नाही; मे २०१३ मध्ये शहराचा पारा ४७.९ पर्यंत गेला होता.

उष्णता येते कुठून

नागपूर २१ अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानलेले नऊ दिवस, लागतो तोही याच सुमारास, २५ मेपासून. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत उन्हाचा मुख्य मारा भिंतींवर नसून आडव्या छतावर असतो. शटरची पाळी तीन वाजल्यानंतर येते.

जुनं, काळवंडलेलं टिन पडलेल्या उन्हाचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग शोषतं. वाऱ्याने आणि आकाशाकडे जाणाऱ्या उत्सर्जनाने होणारी घट वजा केली, तरी छताला बाहेरची हवा जणू ७० अंशांची आहे असा ताप होतो. टिन स्वतः ६०-६५ अंशांवर पोचतं. आतली हवा ४५ अंश धरली, तर या १८० चौरस फुटांच्या छतातून सुमारे अडीच किलोवॅट उष्णता आत येते. अडीच हजार वॅटचा हीटर आढ्याला टांगून दुपारभर चालू ठेवण्यासारखं झालं.

ही उष्णता हवेतून कमी आणि थेट विकिरणाने, म्हणजे शेकोटीच्या झळेसारखी सरळ, जास्त खाली येते. ६५ अंशांचं मळकं टिन खालच्या ४० अंशांच्या वस्तूंवर दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे वॅट फेकत राहतं. पंखा हवा हलवतो, विकिरण अडवत नाही. टेबलाशी उभं राहिलं की डोकं तापतं आणि पंखा असूनही नसल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे.

शटरचा वाटा वेगळ्या वेळी येतो. साडेचार-पाचच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या पत्र्यावर दर चौरस मीटरला सहाशे-साडेसहाशे वॅट ऊन पडतं आणि ५६ चौरस फुटांच्या शटरमधून साधारण सहाशे वॅट आत येतात. छताच्या चौथा हिस्सा म्हणा. तो येतो मात्र दिवसभराच्या तापावर, आणि लोक नेमके त्याच वेळी गॅरेजमध्ये येतात.

तिसरा वाटा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: गाडी. चालवून आणलेल्या छोट्या कारचं इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलंट मिळून दीडशे किलोच्या आसपास ऐवज ९० अंशांवर असतो. तो ४५ पर्यंत उतरताना सुमारे एक युनिट उष्णता गॅरेजमध्ये सोडतो. एक किलोवॅटचा हीटर तासभर लावला, तेवढी. यावरचा उपाय फुकट आहे: दुपारी आल्यावर गाडी अर्धा-पाऊण तास बाहेर सावलीत उभी करायची, सावली नसेल तर आत घेऊन तेवढा वेळ शटर अर्धं वर ठेवायचं.

मोजताना फसगत कुठे होते

काम सुरू करण्याआधी दोन-तीन दिवसांच्या नोंदी हव्यात, नाहीतर कशाने किती फरक पडला हे पुढे कळत नाही. दोन साधे डिजिटल तापमापक पुरतात. आतला तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, गॅरेजच्या मध्यभागी दोरीने टांगायचा. भिंतीला किंवा शटरला चिकटवायचा नाही. बाहेरचा उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत, भिंतीपासून सुटा. तापमापकावर किंवा त्यामागच्या पृष्ठभागावर ऊन पडलं तर तो हवेचं नव्हे, स्वतःचं तापमान दाखवतो. बिघडलेलं यंत्र तर काहीही दाखवू शकतं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान विभागाने नंतर सांगितलं.

टिनाचं तापमान बघायला लोक इन्फ्रारेड गन आणतात. गन बहुतेक वेळा मळक्या किंवा रंगवलेल्या पृष्ठभागासाठी जुळवलेली असते. चकचकीत जस्तावर ती धरली की टिनाऐवजी समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच मोजलं जातं आणि आकडा बराच कमी येतो. टिनाच्या खालच्या बाजूला काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन इंची तुकडा घट्ट चिकटवावा, पाच मिनिटं थांबावं आणि गन त्या तुकड्यावर धरावी. रंग देण्याआधी आणि दिल्यावर, एकाच वेळी, दुपारी एकला, त्याच तुकड्यावर.

छत: आधी वरून

ऊन टिनावर पडण्याआधी किंवा पडताक्षणी परतवायचं. बाकी सगळं त्यानंतर.

सगळ्यात सोपा मार्ग पांढऱ्या परावर्तक रंगाचा, ज्याला दुकानात कूल रूफ कोटिंग म्हणतात. देशाच्या २०१७ च्या इमारतींसाठीच्या ऊर्जा संहितेत कमी उताराच्या छपरासाठी सुरुवातीची सौर परावर्तकता (पडलेल्या उन्हापैकी परतवलेला भाग) किमान ०.६० आणि उत्सर्जकता (शोषलेली उष्णता बाहेर सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) किमान ०.९० असावी, असं म्हटलं आहे. घरगुती गॅरेजला ती संहिता लागू नसली, तरी डबा निवडताना हेच दोन आकडे विचारावेत. ‘हीट प्रूफ’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, परावर्तकतेचा आकडा मात्र कुठेच नसतो, असे डबे बाजारात पुष्कळ आहेत. ते सोडून द्यावेत. चंदेरी ॲल्युमिनियम रंगही इथे नको: तो ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण शोषलेली उष्णता आकाशाकडे सोडत नाही.

छत १८० चौरस फूट दिसतं, पण नाल्यांमुळे रंगवायचा पृष्ठभाग आणखी १०-१५ टक्के भरतो. पागोळीचा भाग धरून २२० चौरस फूट धरावेत. दोन हातांना लिटरमागे २५ ते ३० चौरस फूट या अंदाजाने आठ-नऊ लिटर लागतात. दहा लिटर घ्यावा, उरलेला शटरला कामी येतो.

कामाची रीत अशी. आधी गळती. सैल झालेले जे-हुक आणि स्क्रू आवळायचे, कडक झालेले डांबरी वायसर बदलून रबरी ईपीडीएम वायसर घालायचे, जोडांवर ब्युटाइल टेप लावायची. मग तारेच्या ब्रशने गंज आणि सुटलेला थर काढून कपड्याच्या साबणाने टिन धुवायचं आणि एक दिवस वाळू द्यायचं. त्यावर जस्तासाठीचा प्रायमर. नेहमीचा रेड ऑक्साइड गुळगुळीत जस्तावर धरत नाही. वर्षभरात पापुद्रे सुटतात आणि दोष पांढऱ्या रंगाला दिला जातो. जिथे जस्त उडून लोखंड उघडं पडलं आहे तेवढ्यापुरता रेड ऑक्साइड चालतो. नंतर पांढऱ्या रंगाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. वेळ सकाळी आठ-साडेआठच्या आत. तापलेल्या टिनावर रंगातलं पाणी लगेच उडतं, रंग पसरायच्या आत सुकतो आणि बारीक फोड येतात. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं. मेमध्ये सुरू केलं तर रंगाऱ्याच्या हाती दिवसाचा जेमतेम दीड तास लागतो.

रंगाने शोषण ७० वरून ३० टक्क्यांवर आलं, तर छताचा ७० अंशांचा ताप ५२ वर येतो आणि आत येणारी उष्णता अडीच किलोवॅटवरून सुमारे ७०० वॅटवर. हा फरक एकट्या रंगाचा.

चुना? स्लॅबवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर चुना, पांढरं सिमेंट आणि थोडा फेविकॉल हे मिश्रण उत्तम आणि स्वस्त. जस्ताच्या टिनावर नको. ओला चुना जस्त खातो, आणि पहिल्या पावसात अर्धा पन्हाळीतून वाहून जातो. पत्रे जुने ॲस्बेस्टॉसचे असतील तर ते कोरडे घासायचे नाहीत, त्यांना भोकं पाडायची नाहीत आणि त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. फळी टाकून, ओलं करून, मऊ ब्रशने रंगवायचं.

रंगाऐवजी किंवा रंगावर हिरवी नेट बांधणारे बरेच आहेत. नेट टिनाला चिकटून अंथरली तर स्वतः तापून खाली उष्णता देते. टिनापासून किमान फूटभर वर, ७५ टक्के सावली देणारी, पाइपच्या चौकटीवर ताणलेली हवी, म्हणजे मधून वारा जातो. बांधायची ती भिंतीतल्या हुकांना, टिनाच्या स्क्रूंना नव्हे. मेच्या अखेरीस विदर्भात जी वादळं येतात, त्यांत नेट शिडासारखी फुगते आणि टिनासकट उपटते. गावाकडे टिनावर तुराट्या किंवा पऱ्हाटी पसरतात. थंडावा खरंच मिळतो, पण खाली पेट्रोलची गाडी असेल तर वाळलेलं सरपण वर रचून ठेवणं शहाणपणाचं नाही.

घरावर सोलर बसवायचा विचार असेल, तर वेल्डरकडून चौकटीची ताकद तपासून पॅनेल आधी गॅरेजवर घ्यावेत. टिनापासून फूटभर उंच बसवलेले पॅनेल म्हणजे कायमची सावली, आणि वर वीजही.

टिनाखालचा थर

रंगानंतरही सातशे वॅट उरतात, आणि धूळ बसली की पांढरेपणा घटतो. म्हणून खाली सीलिंग. यात तीन चुका नेहमी होतात.

पहिली, थर्माकोल टिनाला थेट चिकटवणं. थर्माकोल ७०-८० अंशांच्या पुढे आकसू लागतो, गोंद त्याआधीच सुटतो, आणि पेट्रोल-थिनरच्या शेजारी तो पेटला तर जळते थेंब खाली गळतात. दुसरी, चंदेरी बबल शीट टिनाला घट्ट लावणं. चकचकीत पृष्ठभाग विकिरण अडवतो ते समोर हवेची मोकळी जागा असेल तरच. निदान इंचभर पोकळी सोडून, चकाकी खाली करून लावली तर ती उपयोगी पडते. वर चकाकी ठेवली तर दोन उन्हाळ्यांत धुळीने मारली जाते. टिनाला टेकवली की ती नुसता प्लॅस्टिकचा कागद. शिवाय ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं, म्हणून तिच्याजवळून उघडी किंवा जोड दिलेली वायर नेऊ नये.

तिसरी चूक पीओपीवाल्याकडून होते: वरची पोकळी सगळ्या बाजूंनी बंद करणं. कोंडलेली हवा मग दिवसभर तापत राहते.

या गॅरेजसाठी योग्य रचना अशी: जस्ताच्या हलक्या चौकटीवर ६ मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड, त्याच्या पाठीवर ५० मिलिमीटर जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर. सीलिंग टिनाच्या उताराला समांतर, सहा इंच खाली. टिन ज्या आडव्या पर्लिनवर बसलं आहे ते पाइप पूर्व-पश्चिम धावतात, आणि तापलेल्या हवेला जायचं असतं उत्तरेच्या पागोळीकडून दक्षिणेच्या उंच बाजूला, म्हणजे पर्लिनला आडवं. रॉकवूल पर्लिनला भिडवलं तर प्रत्येक पर्लिन बांध होतो. पर्लिनच्या तळापासून रॉकवूलपर्यंत दोन इंच फट सोडलीच पाहिजे. सहा इंचांत ती बसत नसेल तर सीलिंग आणखी खाली घ्यावं. उत्तरेला पागोळीखाली सलग दोन इंची फट जाळी लावून, आणि पूर्वेच्या भिंतीत दक्षिणेच्या कोपऱ्याशी, टिनाच्या लगेच खाली, एक फूट बाय एक फूट लुव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचा झरोका. जाळी बारीक हवी, नाहीतर गांधीलमाश्या पहिल्याच महिन्यात राहायला येतात.

शटरच्या गुंडाळीसमोरचा दीड फुटाचा पट्टा स्क्रूने काढता येईल असा ठेवावा. स्प्रिंग तुटली की शटरवाला तिथूनच हात घालतो. पट्टा पक्का केला असेल तर तो बोर्ड फोडूनच आत जाईल. रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क.

रंग आणि सीलिंग दोन्ही झाल्यावर छतातून येणारी उष्णता दीडशे वॅटच्या आत येते. इथून पुढे पंख्याला करण्यासारखं काही उरतं.

शटर

गुंडाळणाऱ्या शटरला आतून थर लावता येत नाही. लावला तर गुंडाळी अडकते. उपाय बाहेरूनच. फॅब्रिकेशनवाला हमखास सुचवतो तो चार फुटी छज्जा. तीन वाजता सूर्य क्षितिजापासून ५० अंश वर असतो आणि हा छज्जा शटरचा वरचा पावणेपाच फूट भाग सावलीत ठेवतो. पाच वाजता सूर्य २३ अंशांवर उतरतो आणि सावली उरते पावणेदोन फूट. ज्या वेळी शटर सगळ्यात जास्त तापतं, त्याच वेळी छज्जा कामाचा राहत नाही.

पश्चिमेला उभी आड हवी. छज्ज्याच्या पुढच्या पाइपवरून सोडलेली, खाली-वर गुंडाळता येणारी बांबूची चिक किंवा ७५ टक्क्यांच्या नेटचा पडदा, शटरपासून किमान फूटभर पुढे. खालच्या काठीला दोन्ही टोकांना दोरी आणि हूक, नाहीतर वाऱ्यात ती गाडीच्या बॉनेटवर आपटते. शटर बाहेरून पांढरं करावं. पट्ट्यांच्या सांध्यांत रंग भरू नये, पातळ हात द्यावा, नाहीतर पट्ट्या एकमेकींना धरतात.

हवा: कधी आत घ्यायची, कधी नाही

आता त्या एक्झॉस्ट पंख्याकडे. १२ इंची पंखा तासाला हजार घनमीटर हवा फेकतो असं धरू. नेमका आकडा पाटीवर असतो. गॅरेजचं आकारमान सुमारे ४७ घनमीटर, म्हणजे तासाला वीसेक वेळा हवा बदलते. ऐकायला भरपूर वाटतं. पण हजार घनमीटर हवा पाच अंशांनी तापून बाहेर गेली तर दीड किलोवॅट घेऊन जाते. छतातून अडीच येत असतील तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा आठ अंशांपर्यंत वर जाऊ शकते. थोडी उष्णता जमीन आणि भिंती पितात, म्हणून प्रत्यक्षात तितकं होत नाही. पण ४३ च्या खाली ती पंख्याने येणं शक्यच नाही, कारण पंखा आत घेतो तीच हवा ४३ ची आहे.

खरा साठा जमिनीत आहे. या गॅरेजचा चार इंची कोबा एक अंशाने तापायला जवळजवळ एक युनिट उष्णता पितो. रात्रभर २८-२९ अंशांची हवा खेळवून तो गार केला, तर दिवसा पाच अंश तापेपर्यंत तो पाचेक युनिट गिळू शकतो. उघड्या टिनाखाली ही पुंजी दोन तासांत संपते. छत आणि शटर नीट केल्यावर भिंती, फटी धरून येणारी एकूण उष्णता अर्ध्या किलोवॅटच्या आसपास राहते, आणि तीच पुंजी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पुरते. बाहेर ४३ असताना आत ३६-३७ असा हिशेब निघतो. रात्री पंखा लावूनही फरक पडत नाही असं जे लोक सांगतात, ते बरोबरच सांगतात. त्यांच्या छतावर अजून काही केलेलं नसतं.

तेव्हा पंख्याची वेळ उलटी करायची. सॉकेटमध्ये बसणारा टायमर घेऊन रात्री नऊ ते सकाळी सहा पंखा चालू. इतक्या आकाराचे पंखे ५० ते १०० वॅटचे असतात, रात्रभरात युनिटाच्या आतच वीज जाते. दिवसा पंखा बंद, शटर बंद. फक्त गाडी तापून आली असेल तर तासभर अपवाद.

पंख्याला हवा यायला वाट हवी. या गॅरेजमध्ये ती नव्हतीच. पंखा शटरच्या फटींतून हवा ओढत होता, ती पंख्यापर्यंत आढ्यालगत जाऊन निघून जायची आणि जमिनीवरची गरम हवा जागीच राहायची. उत्तरेच्या भिंतीत, शटरकडच्या टोकाला, जमिनीपासून फूटभर वर १२ बाय १८ इंचांच्या दोन खिडक्या हव्यात, आतून सरकत्या झडपेसह. जाळीमुळे निम्मी वाट अडते, तरी पंख्याच्या तोंडाच्या दुपटीच्या जवळपास मोकळी जागा राहते. पंखा समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे पूर्वेच्या भिंतीत दक्षिणेकडे, सीलिंगच्या लगेच खाली. हवा मग तिरकी, जमिनीवरून वर जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते. या खालच्या खिडक्यांचा तोही उपयोग आहे, आणि त्या निदान थोड्या उघड्या राहाव्यात. स्विच आणि सॉकेट मात्र चार फुटांच्या वर. शटर बंद ठेवून इंजिन चालू करायचं नाही, पंखा चालू असला तरी नाही.

कूलर

कूलर टाकाऊ नाही. मेच्या दुपारी ४३ अंश आणि १८ टक्के आर्द्रता असताना ओल्या ताट्यांतून आलेली हवा २९ अंशांपर्यंत उतरू शकते. पण दोन अटी आहेत. पहिली, जितकी हवा आत येते तितकी बाहेर जायला हवी. शटर बंद करून आतल्याच हवेवर कूलर चालवला तर अर्ध्या तासात आर्द्रता वाढते, थंडावा जातो आणि चिकचिक उरते. कूलर उत्तरेच्या खिडकीला बाहेरून लावायचा, दुसरी खिडकी बंद करायची आणि पंखा चालू ठेवायचा. दुसरी अट पाण्याची: तासाला दीड हजार घनमीटर हवा १४ अंशांनी उतरवायला साधारण दहा लिटर पाणी उडतं. चार तास काम म्हणजे ४० लिटर. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार ताट्यांवर पांढरे चढतात आणि हवा अडते.

कूलर फक्त टेबलाशी काम करताना लावावा, गॅरेज गार ठेवायला नव्हे. रोज दमट हवा मिळाली की टेबलावरची पान्हे-ड्रिलची हत्यारं गंजतात. लोखंडी कूलरला अर्थिंग आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय तो लावूच नये; पाणी भरताना आधी प्लग काढायचा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करायची, नाहीतर डासांची सोय होते. मृगाचा पाऊस पडला की कूलरचा उपयोग संपला.

एसीबद्दल थोडक्यात: शटरच्या फटी बुजवता येत नाहीत, आणि बुजवल्या तर पेट्रोलची वाफ कोंडते. या गॅरेजला एसी नको.

आतल्या वस्तू

इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची असते, आणि शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून बॅटरी शटरजवळून आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातून उचलून घराच्या भिंतीला, जमिनीपासून चार-सहा इंच वर, झाकण न घालता. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, त्यामुळे बंद कपाटात नाही. एप्रिल ते जून डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर पंधरा दिवसांनी बघावी.

लिथियम बॅटऱ्यांच्या बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्जिंग वर्ज्य आहे, आणि स्कूटरमधली यंत्रणा तिथे चार्जिंग कमी करते किंवा थांबवते. तो बिघाड नाही. स्कूटर दुपारी आणली तर निवू द्यावी आणि टायमरने पहाटे चारला चार्जिंग सुरू करावं. त्या वेळी पंखाही चालू असतो.

स्प्रे-कॅनवर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं. उघड्या टिनाखालच्या वरच्या फळीवर हा आकडा एप्रिलमध्येच ओलांडला जाऊ शकतो. स्प्रे, थिनर, सिलिकॉनच्या नळ्या सगळ्या खालच्या फळीवर, पूर्वेच्या भिंतीला. कॅनमधलं पेट्रोल गॅरेजमध्ये कुठल्याच फळीवर नको.

दुसऱ्या गावांत

पुण्यात उन्हाळ्यातल्या रात्री नागपूरपेक्षा बऱ्याच गार असतात, त्यामुळे तिथे पांढरं छत आणि रात्रीचा पंखा एवढ्यावर बहुधा भागतं. सीलिंग नंतर बघता येईल. कोकणात आणि गोव्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फार अंतर नसतं आणि हवा दमट. तिथे रात्री गार केलेला कोबा फारसं देत नाही, कूलर तर नकोच. छत आणि सीलिंग तसंच ठेवून दिवसाही वारा खेळता राहील अशा मोठ्या जाळ्या लागतात, आणि खारट हवेत साध्या जस्ताच्या टिनाऐवजी रंगीत ॲल्युझिंकचं (ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेलं) टिन घ्यावं.

वर्षभराची कामं

होळीनंतर छत पाण्याने आणि मऊ झाडूने धुणं हे सगळ्यात महत्त्वाचं. धुळीचा थर बसलेला पांढरा रंग ऊन शोषायला लागतो. रंगाचा ताजा हात तीन ते पाच वर्षांनी, टेपच्या तुकड्यावरचं दुपारचं तापमान पहिल्या वर्षापेक्षा पाच-सहा अंशांनी वर गेलं की. मार्चमध्येच पंख्याची पाती पुसून पागोळीखालची जाळी मोकळी करावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात नेट आणि चिक उतरवून कोरड्या गुंडाळाव्यात, कूलरची टाकी पुसून घ्यावी आणि उत्तरेच्या खिडक्यांच्या झडपा पावसाचे शिंतोडे येणार नाहीत इतपत लावाव्यात. वरच्या पोकळीचे लुव्हर पावसाळ्यातही उघडेच ठेवायचे, कारण टिनाखाली साचलेला दमटपणा तिथूनच बाहेर जातो. ते बंद केले तर सकाळी टिनाला घाम सुटतो आणि रॉकवूल भिजतं.